शून्य बालमृत्यू

दिल्लीत मुनिरकातल्या भाड्याच्या खोलीत बसून मी लॅपटॉपवर इंटर्नशिप करत होते. काम होतं आरोग्य केंद्रांच्या नोंदींमधल्या चुका शोधायचं. एका केंद्रात वर्षभर बालमृत्यू शून्य दिसले. शंका आली म्हणून तिथल्या नर्सबाईंना फोन केला.

"दो बच्चे तो मेरे हाथ में गए, बेटा," त्या म्हणाल्या. "लिखूँ तो जवाब मुझी से माँगते हैं."

ऑनलाइन मीटिंगमध्ये मी इंटर्नशिपचं काम बघणाऱ्या सरांना शंका सांगितली, नर्सबाईंचं बोलणं मात्र सांगितलं नाही. त्यांची नोकरी गेली असती.

"रकाना भरलेला आहे ना? मग ओके कर," सर म्हणाले.

मी ओके केलं. पुढे अचूक कामाबद्दल प्रमाणपत्र आलं. आईला ते फ्रेम करायचंय. मी अजून तिला पाठवलेलं नाही.