पत्राचं दुसरं पान

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. लंडनच्या स्टॅनमोर भागात मुलीजवळ राहतो, रक्तदाबाची गोळी घेतो, आणि जुनं उगाळत बसू नका असं डॉक्टर दर वेळी बजावतात. पण हे लिहून ठेवलंच पाहिजे. नावं कोणाचीच घेणार नाही. ज्यांची घ्यावीशी वाटतात त्यांची तर मुळीच नाही.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. मँचेस्टरपासून तासाभरावरच्या एका ग्रामीण पोलीस ठाण्यात मी सार्जंट होतो. बंदुकांच्या परवान्यांची चौकशीही माझ्याकडे असे. अर्जदाराच्या घरी जायचं, बंदुकीचं लोखंडी कपाट भिंतीत पक्कं बसवलंय का ते पाहायचं, किल्ली कोणाकडे असते ते विचारायचं, घरात दारू, भांडणं आहेत का याचा अंदाज घ्यायचा. चहा हमखास मिळतो. आणि चहा देणारा माणूस आपल्याला सज्जन वाटू लागतो, ही या कामातली मोठी अडचण आहे.

आमच्या हद्दीत एक शिकार क्लब होता. हिवाळ्यात तिथे फेझंट पक्ष्यांची शिकार चाले. हाकारे झाडीतून काठ्या आपटत येतात, पक्षी उठतात, आणि पलीकडच्या शेतात नंबर लिहिलेल्या खुंट्यांशी उभे असलेले शिकारी ते पाडतात. हाकारे झाडीच्या कडेशी पोचले की शिंग वाजतं. त्यानंतर समोर झाडीच्या दिशेने एकही गोळी उडवायची नाही, कारण तिथे आता माणसं असतात. या खेळातला हा पहिला धडा.

क्लबने मुलांसाठी प्रशिक्षण सुरू केलं होतं. तीन रविवार शिकायचं, शिक्का मारलेलं प्रमाणपत्र घ्यायचं, मग हंगामाच्या शेवटी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शेवटच्या खुंटीवर उभं राहायचं. कायदा सांगतो की पंधरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात सुटे भाग जोडून तयार असलेली शॉटगन, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक असेल, तर एकवीस वर्षांवरचा माणूस देखरेखीला हवाच. या क्लबचा प्रशिक्षक पन्नाशीचा, गावात मान असलेला माणूस होता. त्याच्या परवान्याचं नूतनीकरण मीच केलं होतं. त्याच्याकडे चहाही प्यायलो होतो.

जानेवारीच्या अखेरीस एका शनिवारी दुपारी फोन आला. झाडीच्या कडेला एका हाकाऱ्याला छर्रे लागले होते. पेशाने प्लंबर, साधा माणूस. एक छर्रा डाव्या डोळ्यात गेला होता. बंदूक चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात होती, आणि ती मुलगी मराठी निघाली.

तिचे वडील जिल्ह्याच्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होते, मूळचे पुण्याचे. मुलगी प्रशिक्षकाच्या मुलीची वर्गमैत्रीण. मैत्रिणीच्या आग्रहाने तिने नाव दिलं होतं, आणि त्या दिवशी नेमकी मैत्रीण फ्लूने घरी होती. आईवडिलांनी फॉर्मवर सही केली ती शाळेच्या सहलीच्या फॉर्मवर करावी तशी.

प्रशिक्षकाने जागेवरच जबाब दिला, "मी तिच्या खांद्याशी उभा होतो. शिंग वाजल्यावर 'नाही' असं स्पष्ट म्हणालो. तिने ऐकलं नाही. मुलं उत्तेजित होतात, काय करणार?"

सोमवारी सकाळी क्लबचा सेक्रेटरी ठाण्यात आला. त्याने काउंटरवर एका कागदाची झेरॉक्स ठेवली. मुलीच्या हस्ताक्षरातलं पत्र होतं, जखमी माणसाला लिहिलेलं. त्यात म्हटलं होतं: 'ही माझी चूक होती. मी गोळी उडवली. तुमचा डोळा माझ्यामुळे गेला. मी स्वतःला कधीच माफ करणार नाही.'

"आता आणखी काय हवं?" सेक्रेटरी म्हणाला. जाताना पुढे वाकून, हळू आवाजात, "तुमच्याच लोकांपैकी आहेत ना ते?"

मी इन्स्पेक्टरना जाऊन सांगितलं, की मुलगी माझ्या भाषेची आहे, हवं तर तपास दुसऱ्याकडे द्या. ते म्हणाले, "तू त्यांना ओळखतोस?" मी नाही म्हणालो. "मग काम कर."

पत्राचं रहस्य त्या घरी गेल्यावर कळलं. मुलीची आई दारातच रडू लागली. वडील ताठ बसले होते. "रविवारी आम्ही तिला वॉर्डमध्ये घेऊन गेलो," ते म्हणाले. "मीच तिला लेटर लिहायला लावलं. आपल्या हातून कोणाला लागलं तर आधी जाऊन माफी मागायची, बाकीचं नंतर. आम्ही असंच वाढवलंय तिला."

"बेसनाचे लाडूपण नेले होते हो," आई म्हणाली.

मी कपाळावर हात मारून घेतला. या देशात गाडीला गाडी घासली तरी लोक 'सॉरी' म्हणायच्या आधी विमा कंपनीला फोन करतात. आणि ही शिकलेली माणसं सहीनिशी कबुलीजबाब आणि वर लाडूंचा डबा देऊन आली होती. मला त्यांचा रागही आला आणि अभिमानही वाटला. पण ते पत्र तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरणाऱ्या क्लबचा जो राग आला त्याला तोड नव्हती.

प्रशिक्षक खरंच तिच्याजवळ होता यावर माझा विश्वास बसत नव्हता, आणि तो नसेल तर कायद्याची गंमत ऐका. देखरेखीशिवाय पंधरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती बंदूक असेल, तर त्या कलमाखाली गुन्हेगार कोण? ते मूल. त्याला एकटं सोडून जाणाऱ्या मोठ्या माणसाबद्दल त्या कलमात अवाक्षर नाही. मी ते तीनदा वाचलं. मुलीने गुन्हा कबूल केला असं धरलं, तर तिला पोलिसांची अधिकृत ताकीद मिळणार होती, आणि ती रेकॉर्डवर राहणार होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं.

तिची चौकशी मंगळवारी झाली. शेजारी वडील आणि वकील, टेबलावर टेपरेकॉर्डर. मी रीतसर इशारा वाचून दाखवला. वकिलाच्या सल्ल्यानुसार तिने प्रत्येक प्रश्नाला 'नो कॉमेंट' म्हटलं. दोनदा तिचे ओठ हलले आणि तिने वडिलांकडे पाहिलं. वडील मान खाली घालून बसले होते. आपल्या मुलीने उत्तर द्यायचं टाळावं, याचीच त्यांना लाज वाटत होती. टेप बंद करून मी दार उघडलं, तेव्हा ती मोडक्या मराठीत म्हणाली, "काका, माझा चूक होता ना? मग मला गप्प का बसवतात?" टेप बंद असताना मी तिला उत्तर देऊ शकत नव्हतो. मी त्यांना बाहेर सोडायला निघालो. तो कॉरिडॉर मला फार लांब वाटला.

बुधवारी दुपारी ठाण्याच्या फोनवर एका बाईने मला मागून घेतलं. जखमी माणसाची बायको. आवाज थकलेला, पण ठाम.

"क्लबचा तो माणूस काल परत आला होता," ती म्हणाली. "म्हणाला, मुलीने कबूल केलंय, आता प्रकरण मिटलं. सार्जंट, तुम्हाला त्याने किती पानं दिली?"

"एक."

"माझ्याकडे दोन आहेत."

मी गाडी काढून हॉस्पिटलमध्ये गेलो. तिने उशीजवळच्या कपाटातून पाकीट काढलं. सेक्रेटरीने रविवारी पत्र पाहायला म्हणून घेतलं, वॉर्डच्या ऑफिसात जाऊन झेरॉक्स काढली आणि पाकीट परत आणून दिलं होतं. दुसऱ्या पानावर मुलीने लिहिलं होतं:

'मी सर परत येईपर्यंत थांबायला हवं होतं. ते म्हणाले एका मिनिटात येतो, तिकडे पक्षी जास्त उंच येतायत. शिंग वाजलं, पण त्याचा अर्थ काय ते मला माहीत नव्हतं. तिसऱ्या रविवारी शिकवणार होते, पण पाऊस होता म्हणून आम्ही आत बसून चॉकलेट प्यायलो. मी विचारायला हवं होतं. सर म्हणाले कोणाला काही सांगू नकोस, मी बघतो. पण तुम्हाला सांगायला हवं असं मला वाटतं.'

पलंगावरचा माणूस एका डोळ्याने माझ्याकडे पाहत होता. "लाडू छान होते," तो म्हणाला. "तिला सांगाल का? मला ती आवडली."

मी पत्र पुरावा म्हणून पाकिटात घातलं, लेबल लावलं, वेळ लिहिली. एक पान देणाऱ्याने दुसरं वाचलेलंच होतं. वाचल्याशिवाय ते मागे ठेवता येत नाही.

गुरुवारी प्रशिक्षकाला बोलावलं. तोही वकील घेऊन आला, नीट टाय लावून. पत्राचा विषय मी काढलाच नाही. शिकारी माणसाला बोलतं करायचं तर त्याला शिकारीबद्दल विचारावं. दिवस कसा होता, हवा कशी होती, पक्षी कसे होते. तो खुलला.

"शेवटच्या हाक्यात तर अप्रतिम आले," तो म्हणाला.

"तुम्हाला किती मिळाले?"

"दोन. दोन्ही खूप उंचावरचे. त्या दिवशीचे सर्वांत चांगले."

"कोणत्या खुंटीवरून?"

वकिलाने त्याच्या बाहीला हात लावला, पण उशीर झाला होता. "सहाव्या," तो म्हणून गेला.

मुलगी आठव्या खुंटीवर होती. मध्ये सत्तर पावलं आणि एक दगडी कुंपण. मी स्वतः मोजून आलो होतो. मग मी दुसरं पान त्याच्यासमोर ठेवलं. त्याने ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "एक मिनिटच गेलो होतो."

मी विचारलं, "आणि शिंगाचा धडा?"

"तो सगळ्यांना माहीतच असतो हो."

म्हणजे त्याच्या गावातल्या, बापाच्या मागे शेतात फिरलेल्या मुलांना माहीत असतो. पुण्याच्या डॉक्टरांच्या मुलीला कोणी सांगणार होतं? क्लबच्या वहीत मात्र तिच्या नावापुढे तिन्ही रविवारच्या खुणा होत्या, आणि घरी भिंतीवर शिक्क्याचं प्रमाणपत्र. आईने ते फ्रेम करून लावलं होतं.

मुलीवर कारवाई करू नये, असं सरकारी वकिलांनी कळवलं. प्रशिक्षकावर खटला टिकेल असं कलम मात्र त्यांना सापडलं नाही. मी फोनवर जरा जोरातच बोललो, त्याबद्दल मला समजही मिळाली. शेवटी मी केलेल्या अहवालावरून त्याचा परवाना रद्द झाला. त्या अहवालात मी हेही लिहिलं, की आधीचं नूतनीकरण माझ्या सहीने झालं होतं आणि मुलांच्या प्रशिक्षणाबद्दल मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. ती ओळ लिहायला मला अर्धा दिवस लागला.

त्यानंतर एखाद्या घरातलं मूल बंदूक हाताळतं असं कळलं, की मी आधी त्या मुलाशी बोलायचो. बाकी काही नाही, एवढंच विचारायचो: "तू बंदूक धरतोस तेव्हा तुझ्याजवळ कोण असतं?" बाप पाठांतर करून आलेले असतात. मुलं खरं सांगतात. चार घरांत मी परवाना अडवला आणि चारही घरांतून माझ्याविरुद्ध तक्रार गेली.

परवाना रद्द झाल्याविरुद्ध प्रशिक्षकाने क्राउन कोर्टात अपील केलं. जखमी माणूस मागच्या बाकावर बसला होता, बायको शेजारी. साक्ष संपली तेव्हा न्यायाधीश प्रशिक्षकाला म्हणाले, "मागे बसलेल्या गृहस्थांना तुम्हाला काही म्हणायचं आहे का?"

तो आधी आपल्या वकिलाकडे वळला. वकिलाने किंचित नकारार्थी मान हलवली.

"नाही, युअर ऑनर," तो म्हणाला.

अपील फेटाळलं गेलं. मला त्याचा फारसा आनंद झाला नाही. वर्षानुवर्षं मी माणसांचे जबाब घेतले. खोटं बोलणाऱ्यांची चीड मला कधी फारशी आली नाही, कारण घाबरलेला माणूस खोटं बोलतोच. पण वयाने आणि मानाने मोठी झालेली माणसं लहान मुलीच्या आड उभी राहतात, तिच्या पत्राचं हवं तेवढं पान वापरतात आणि घरी जाऊन जेवतात, हे मला अजून पचलेलं नाही. त्या शनिवारी त्या शेतात वीसेक माणसं होती. केल्याची जबाबदारी घेईल असं मोठं माणूस त्यांत एकच होतं, आणि ते चौदा वर्षांचं होतं.