रोवणीची पहिली पेंढी

मी चिखलात उतरले, धानाच्या रोपांची पहिली पेंढी उचलली, आणि सासूनं ती माझ्या हातातून हिसकून घेतली.

"तू नोको लावू वं. वांझोटीच्या हातचा धान भरत नाही."

रोवणीला आलेल्या साऱ्या बाया बघत होत्या. नवरा चार हातांवर उभा होता. तो पाण्याकडं बघत राहिला. मला वाटलं, बिचाऱ्याला आईपुढं बोलवत नाही. दया आली मला त्याची!

तीन वर्षं मी मुळ्या उगाळून प्यायले. गर्भनळ्यांची तपासणी दोनदा करून घेतली, कळवळले. तो बाहेर बाकावर बसायचा. स्वतःच्या तपासणीबद्दल एवढंच म्हणाला होता, "माहं सारं बराबर आहे."

त्या रोवणीनंतर मी एकटीच गोंदियाला त्याच दवाखान्यात गेले. डॉक्टरबाई आम्हा दोघांची फाइल चाळता चाळता थांबल्या.

"तीन साल पुराना रिपोर्ट है. आपको किसीने बताया नहीं?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. नवऱ्याच्या वाय गुणसूत्राचा एक बारीक तुकडा जन्मापासूनच नाही, त्यामुळं त्याच्यात शुक्राणू तयारच होत नाहीत. औषधानं ते भरून येत नाही. कुणाचं पाप नाही, कुणाचा गुन्हा नाही.

खरंच नाही. गुन्हा त्याच्या गप्प बसण्याचा होता, आणि तो त्यानं रोज केला.

घरी येऊन विचारलं, "काऊन नाही सांगतलं?"

"लोक मले नामर्द म्हनले असते."

म्हणून मला वांझ म्हणू दिलं.

माझी सासू दरसाल पेरणीआधी शंभर दाणे ओल्या पोत्यात बांधून ठेवते. कोंब फुटले नाहीत तर वावराला बोल लावत नाही, बी बदलते. एवढी शहाणी बाई. घरात मात्र तिला वावरच खराब दिसलं.

वर्षभर वाट पाहिली, तो सांगेल म्हणून. यंदा रोवणीच्या आदल्या दिवशी म्हटलं, "उद्या बांधावर तुमी सांगा. नाही तं मी सांगीन."

दुसऱ्या दिवशी बांधावर तो पुन्हा पाण्याकडंच बघत उभा राहिला. सासूनं पेंढीसाठी हात पुढं केला. मी पेंढी सोडली नाही. साऱ्या बायांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं. कुणी हसलं नाही. सासूनं पुढं केलेला हात मागं घेतला. तो वावर सोडून निघून गेला. पहिली पेंढी मीच लावली.

आता म्हणतो, "माही इज्जत घालवली तुनं."

घालवली असेल. माझी इज्जत जात होती तेव्हा तो पाणी बघत होता. या घरात राहायचं की नाही, ते मी ठरवीन. मूल हवं की नको, तेही मीच. त्याचं खोटं मात्र यापुढं माझ्या पोटात वाढणार नाही.