गाळलेल्या नावाची तबकडी

मला दुसऱ्याची फजिती ऐकायला आवडते, आणि पनवेलमधल्या आमच्या छोट्या एफएम स्टेशनवर मला तेवढ्यासाठी दर रविवारी सकाळी एक तास मिळत असे. लोक नुकतेच मोबाइलवर रेडिओ ऐकायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. माझ्याकडे जुन्या तबकड्यांचा ढीग होता, बराचसा भंगारातून उचललेला. चांगली गाणी मी ठेवतच नसे. ती सगळ्यांकडे असतात. माझ्याकडे पोपटाला बोलायला शिकवणारी तबकडी होती, डिपॉझिट जप्त झालेल्या उमेदवाराचं प्रचारगीत होतं, आणि शेताला खत कसं घालावं हे रडक्या सुरात गाणारा एक गृहस्थ होता. मी या तबकड्या लावायचो, मधेमधे खवचट बोलायचो, आणि ऐकणारे फोन करून खिदळायचे.

त्यातच एक आगरी लग्नगीताची तबकडी होती. गव्हाणकडच्या कुणा लाउडस्पीकरवाल्याने गावातल्या बायकांना मुंबईला नेऊन ती काढून घेतली होती, लग्नांच्या मांडवात वाजवायला. वर नाव नाही, नुसतं ‘गावची मंडळी’. एक बाई देवांना आणि घरच्या माणसांना मांडवात यायचं आवतण देते, असं ते गाणं. आवाज असा की अंगावर काटा यावा. पण मला त्यातली एक खोडच जास्त आवडायची. बाई घरच्या दोघा भावांतल्या थोरल्याचं नाव घेते, पुढे धाकट्याचं घ्यायचं तर तिथे एकदम गप्प होते, आणि क्षणभराने “मांडवाचा धनी” म्हणून पुढे जाते. “इथे बाईंची बॅटरी संपली,” असं मी दर वेळी म्हणायचो. लोकांना तो विनोद फार आवडला होता.

मग एक दिवस फोन आला. जमिनी विकून बिल्डर झालेला, आमच्या स्टेशनला सगळ्यात जास्त जाहिराती देणारा एक माणूस म्हणाला, “ती आमची आय हाय. गावात तिचा सत्कार ठेवतो, तुमी रेडिओवर जाहीर करा.” आमचा मॅनेजर खुर्चीतून उठूनच बोलायला लागला.

दुसऱ्या दिवशी एक बाई तिच्या म्हाताऱ्या आईला घेऊन स्टेशनवर आली. म्हातारीच्या गळ्याभोवती पदर घट्ट गुंडाळलेला. जन्मभर मशेरी लावून घशाचा कर्करोग झाला होता, ऑपरेशनमध्ये आवाज कायमचा गेला होता. बिल्डरची आई तिची थोरली जाऊ. मुलगी म्हणाली, “सत्कार काकीचाच करा, आमाला नको. फक्त सांगा, आवाज हिचा हाय. हिच्याकडं आता दुसरा काय रायला नाय.”

कोण खरं, हे मला कळेना. मॅनेजरला मात्र यात कार्यक्रम दिसला. येत्या रविवारी दोघी जावा समोरासमोर, निकाल श्रोत्यांचा, फोनवर. मी म्हटलं, एकीला आवाजच नाही. तो म्हणाला, “मग तर सोपंच आहे.”

रविवारी थोरली आली ती जरीच्या साडीत, हातभर सोन्यात, मुलासह. धाकटी कोपऱ्यातल्या स्टुलावर. मॅनेजर स्वतः माइकवर बसला आणि आधी तिच्याकडेच वळला. “आजी, काहीतरी बोला तरी!” तिने तोंड उघडलं. नुसती हवा आली, फुसफुसत. लगेच फोन लागला आणि पलीकडचा माणूस हसत म्हणाला, “ही सायकलची ट्यूब कुठून आणली?” मॅनेजरही हसला. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आठवड्यापूर्वी हाच विनोद मी केला असता, म्हणून आणखीच.

मग थोरली गायली. खोटं कशाला बोलू, उत्तम गायली. कित्येक वर्षं गावच्या मांडवांत ती तबकडी ऐकून तिने हरकतीसुद्धा जशाच्या तशा उचलल्या होत्या. देवांना आवतण झालं, थोरल्या भावाचं नाव झालं, मग तीच गप्प जागा, तोच क्षण, आणि “मांडवाचा धनी”.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. मी माइक ओढून घेतला.

“आजी, थोरल्या भावाचं नाव घेतलंत, ते कोणाचं?”

“आमचे मालकाचा,” ती म्हणाली, आणि तिथेच थिजली.

लग्नात उखाणा घेतात तो चार जणींनी हट्ट धरल्यावर. एरवी त्या वयाच्या बाईने नवऱ्याचं नाव उच्चारलेलं त्यांच्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. रेशनच्या दुकानातही त्या शेजारणीला सांगायला लावत. तबकडीवरच्या बाईने दिराचं नाव खुशाल घेतलं होतं आणि नवऱ्याचं गाळलं होतं. हुबेहूब नक्कल करायच्या नादात थोरलीने जावेचा नवरा गाळला आणि स्वतःचा साऱ्या मुलखाला ऐकवला.

मला आनंद झाला, अगदी उकळ्या फुटल्या. “मग घेतलंत कसं?” मी विचारलं. ती माझ्याकडे बघेचना. ती जावेकडे वळली आणि दात ओठ खात म्हणाली, “तुजा गला देवानी उगाच नाय नेला.”

हेही हवेवर गेलं. मॅनेजरने घाईघाईने जाहिरात लावली, ती नेमकी तिच्याच मुलाची. जाहिरात संपल्यावर त्याने निकाल सांगितला: श्रोत्यांनी थोरल्या आजींना निवडलं आहे. मी त्याच्या हातातून माइक घ्यायला गेलो तर त्याने तो बंदच केला. सत्कार ठरल्याप्रमाणे झाला. माझा कार्यक्रम त्या दिवशीच संपला.

सगळे गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि ती तबकडी मायलेकींसाठी लावली, हवेवर नाही, नुसती खोलीत. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. थोरल्या दिराचं नाव आलं. मग ती जागा आली, मी इतके दिवस जिच्यावर हसवत होतो ती. तिथे तिचे ओठ हलले. पुन्हा फुसफुस हवा आली, बाकी काही नाही.

मुलगी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बापाचा नाव घेतला तिनी. जन्मात पयल्यांदा.”

म्हातारीने डोळे उघडले आणि सुई मागे ठेवायची खूण केली.