थर्माकोलवाले बाबाराव

वाडीला आमच्या चाळीत कुणाकडे नवा टीव्ही आला, की सगळे टीव्ही बघायला जात आणि बाबाराव इंगोले खोका बघायला जात. पेढा तोंडात टाकतानाही त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या थर्माकोलवर. "हे फेकून राहिले का तुमी?" एवढं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता ते काखोटीला मारून चालू लागायचं. टीव्ही रंगीत आहे की साधा, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

हिंगण्याच्या एका कारखान्यात आम्ही दोघं नोकरीला होतो. ते सुपरवायझर, मी ऑफिसात. त्यांचा मेहुणा मस्कतला असे. एकदा सुट्टीवर येताना त्यानं विमानाचं चिमुकलं इंजिन आणि ते जमिनीवरून रेडिओनं चालवायचं यंत्र आणलं, आणि बाबारावांनी जेट बांधायला घेतलं. जुन्या इस्त्रीतली तार तापवून ते थर्माकोल असं सुबक कापत, की बघत राहावं. जेटला नाकावर पंखा शोभत नाही म्हणून इंजिन आणि पंखा मागे बसवला. मग हौसेनं चंदेरी रंग मारला. सकाळी उठून बघतात तर रंगातल्या थिनरनं अर्धं शेपूट खाऊन टाकलेलं! मी सांत्वनाला गेलो, तर हे हसताहेत. "पाह्य गा, मी त्याले सजवून राहिलो अन् त्यानं खाऊन घेतलं. जावई निघाला हा रंग!"

नवं शेपूट झालं. त्यावर खळीनं कागद चिकटवून मग रंग दिला. इंजिनाच्या तेलात एरंडेल असायचं, ते सुरू केलं की अख्ख्या चाळीत वास सुटे आणि पलीकडच्या काकू विचारत, "कोणाचं पोट बिघडलं वं?"

विमान तयार झालं, पण उडेना. म्हणजे उडवलंच जाईना. दर रविवारी मी विचारी आणि ते म्हणत, "जरासक राह्यलं." पंख दोन बोटं मागे गेले, पुढच्या रविवारी परत पुढे आले. नाकात शिसं भरलं, मग काढलं. इंजिन शेपटीवरून पाठीवर चढलं. पलंगावर विमान आणि नवराबायको खाली सतरंजीवर, असा संसार चालला होता.

"भाऊजी, काही राह्यलं-बिह्यलं नाही," कुसुमवहिनी एकदा मला हळूच म्हणाल्या. "त्यायले भेव वाटते. उडालं अन् तुटलं तं? म्हणून घासत बसते माणूस." मला ते पटलं, आणि बाबारावांबद्दल फार वाईट वाटलं. एवढं जीव लावून केलेलं हवेत सोडायचं म्हणजे सोपं नव्हतं.

मग दसरा आला. पूजेत मांडलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा नियम कारखान्यात बाबारावांइतका कडक कुणी पाळत नसे. पूजेनंतर लेथ चालू करणाऱ्या एका टर्नरला त्यांनी पार रडकुंडीला आणलं होतं. सकाळी मी सोनं द्यायला गेलो, तर वहिनींनी पाटावर तार, ब्लेड, पॉलिशपेपर, पक्कड, सगळं ओळीनं मांडलेलं. खळीच्या वाटीलाही हळदकुंकू. समोर बाबाराव विमान घेऊन उभे.

"अवं, शेपटाले जरासक पॉलिशपेपर..."

"हात नका लावू! पूजा झाली. आज काही घासाचं नाही, कापाचं नाही."

"मंग विमानाची नाही केली काहून?"

"ते काय हत्यार आहे? ते तं उडवाची वस्तू आहे."

बाबारावांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

दुपारी गोदामांमागच्या मोकळ्या जागेवर आम्ही तिघं गेलो. मी विमान घेऊन धावलो आणि फेकलं. ते आधी जरा खाली आलं, मग नाक उचलून असं चढलं की मी तिथंच उड्या मारायला लागलो. वहिनी "अगं माय, अगं माय" करत होत्या. बाबारावांनी यंत्राची कळ फिरवली, तसं विमान डौलात वळलं, पुन्हा वळलं. तिसऱ्या वळणावर तेल संपलं, वारा आला आणि ते सरळ गोदामाच्या पत्र्यावर जाऊन आदळलं.

आम्हा दोघांना बाबारावांकडे बघायचा धीर होईना. तेवढ्यात पलीकडून एक ट्रक ड्रायव्हर हातात चंदेरी पंख घेऊन आला.

"भाईसाब, ये टूटा हुआ माल आपका है क्या?"

"हमाराच है!" बाबाराव छाती काढून म्हणाले. "उडते हुए देखा क्या तुमने?"

"नहीं, मैं तो सोया था."

"अरे रे!" बाबाराव कळवळून म्हणाले. त्या दिवशी त्यांना वाईट वाटलं ते तेवढंच.