सात रुपये, एक पदक आणि तोडलेल्या कड्या

मंगळवार, १८ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. साताऱ्यातल्या एका संग्रहालयात काचेच्या कपाटासमोर उभं राहून मला कळलं, की माझ्या आजीची माळ मोडून टाकली आहे.

वेळ मुद्दाम लिहिली आहे. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी मला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या: ताठ बसणं आणि तक्रार तारीखवार करणं. पहिली आता पाठीमुळे जमत नाही.

निघाले होते मजेत. पुण्याहून पहाटेच, स्वतःची गाडी स्वतः चालवत. शिरवळला थांबून मिसळ खाल्ली. कट झणझणीत, चहा पाकासारखा गोड आणि स्वच्छतागृह खरोखर स्वच्छ. एकट्या निघणाऱ्या बायकांनी हे टिपून ठेवावं. मग खंबाटकीचा घाट आणि सातारा. बेत साधा होता: संग्रहालयात माळ बघायची, फोटो काढायचा, पुढे कडेगावला आत्याला दाखवायचा. चार वर्षांपूर्वी आम्ही दोघींनीच ती माळ दान केली होती.

माळेची हकीकत अशी. आजोबा फौजेत होते. दर रजेला आले की आजीच्या हातावर चांदीचा एक रुपया ठेवायचे. अशा सात रजा झाल्या. आठव्यांदा ते आले नाहीत, पोस्टानं पदक आलं. आजीनं सगळ्याला सोनाराकडून कड्या लावून घेतल्या आणि लाल रेशमी दोऱ्यात गाठवून माळ केली. मधे पदक, एका बाजूला चार रुपये, दुसऱ्या बाजूला तीन आणि एक मोकळी जागा. ती आठव्या रजेची. त्या दसऱ्याला ती माळ घालूनच देवळात गेली. विधवेच्या गळ्यात दागिना बघून गावानं नाकं मुरडली.

"ह्यो दागिना न्हाई, माझा मालक हाय," आजी म्हणाली, आणि मरेपर्यंत दर दसऱ्याला ती घालत राहिली.

आता पदक पहिल्या दालनात आहे, आजोबांच्या नावानं. रुपये वरच्या मजल्यावर, त्यांच्यावर छापलेल्या इंग्रज राजाच्या नावानं. प्रत्येक रुपयाच्या डोक्यावर कडी घासून काढल्याची खूण. आजीचं नाव कुठेही नाही.

तिथले अधिकारी तरुण आणि फार नम्र होते. अशा माणसांशी भांडणं कठीण, पण मला सवय आहे.

"मॅडम, कडी लावलेलं नाणं म्हणजे खराब झालेलं नाणं. आम्ही ते पूर्ववत केलं."

"पूर्ववत म्हणजे माझ्या आजीच्या आधीचं?"

त्यांनी काचेवरची धूळ रुमालानं पुसली.

"आणि दोरा?"

"तो दोराच होता ना, मॅडम? कुजला होता. टाकला असेल."

दारावरचा रखवालदार धावत आला. "आवं बाई, जरा हळू. हितं शांतता पाळायची असती."

"ऐंशी वर्षांपूर्वी गाव माझ्या आजीला हेच सांगत होतं," मी म्हटलं. तो बिचारा हसला आणि त्यानं मला खुर्ची आणून दिली. मी बसले नाही.

साताऱ्याहून पाव किलो कंदी पेढे घेतले, रागात असलं तरी आत्याकडे रिकाम्या हातानं जाता येत नाही. कराडला महामार्ग सोडून कडेगावच्या रस्त्याला लागले. सध्या उसाचे ट्रॅक्टर जोडट्रॉल्या घेऊन मधूनच चालतात. मागून त्यांची मोठ्यानं लावलेली गाणी ऐकत जायचं, ओव्हरटेकची घाई करायची नाही. मला ते बरंच वाटलं. आत्याला काय सांगायचं, ते ठरत नव्हतं.

आत्या त्र्याऐंशीची. बापाला पाहिलेलं तिला आठवत नाही. तिच्यासाठी बाप म्हणजे ती माळच. उसाच्या बांधापलीकडच्या घरात ओसरीवर वाट बघत बसली होती.

"काय गं, बघितलीस आईची माळ? कशी दिसती काचंत?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं, बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. मला वाटलं, रडेल. तिनं पेढा तोंडात टाकला.

"कड्या तोडल्या व्हय? मोकळ्या जागंचं काय केलं?"

"ती कुणाला दिसलीच नाही, आत्या."

"कशी दिसंल? त्येंच्या घरातनं कोन गेलंया?"

मग ती उठली आणि ट्रंकेतून लाल रेशमी दोरा काढला. दर काही वर्षांनी दोरा जुना झाला की आत्याच माळ नव्यानं गाठवायची. हा दानाआधीच, पुढच्या खेपेसाठी आणून ठेवलेला. तिनं तो माझ्या मुठीत कोंबला.

"कड्या सोनार लावंल. गाठी मी मारीन. सव्वीस जानेवारीला मला तितं घिऊन चल. आनि त्येंला म्हनावं, म्हातारी लय भांडखोर हाय, बापावर न्हाई, आईवर गेलीया."

येताना खंबाटकीच्या बोगद्यातून आले. आता पुण्यात टेबलावर तो दोरा समोर ठेवून लिहिते आहे. वस्तू दान दिली म्हणजे तिची गोष्टही सोडून दिली, असं कुणी समजू नये. तुमच्या घरातलं काही संग्रहालयाला दिलं असेल, तर एकदा जाऊन बघून या.

आणि संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांनो, नाव घातलेलं नाही, तरी तुम्ही कोण ते तुम्हाला कळलं आहे. तोडलेल्या कड्या कुठे आहेत? रुपये आणि पदक पुन्हा एका दोऱ्यात कधी येणार? पाटीवर 'तान्हूबाईंची माळ' हे शब्द कधी लागणार? सोमवार, १५ डिसेंबर, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर हवं. फोन करू नये. मोकळी जागा मोकळीच ठेवली जाईल, हेही त्यात लिहावं.