ठकीच्या ताटाभोवतीचं पाणी

"मांजरच आहे हो!" दार अर्धवट उघडून, मागे एक पाय आडवा धरून काका म्हणायचे. त्या पायाआडून हे एवढे मोठे कान आणि ठिपक्याठिपक्यांचं अंग दिसायचं. आता तुम्हीच सांगा, माणसाच्या मांडीला डोकं लागेल अशी मांजर तुम्ही कधी पाहिली आहे का? मी तर पहिल्या दिवशी किंचाळलेच होते.

आखातातल्या महबूल्यात आमची दारं समोरासमोर. काका नाशिकचे, पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनीअर. काकू मुलांच्या कॉलेजसाठी परत गेलेल्या, त्यामुळे घरात एकटेच. त्यांच्या मुदीरने, म्हणजे मोठ्या साहेबाने, हौसेने परदेशातून ते पिल्लू आणवलं होतं. बाप आफ्रिकेतलं रानमांजर, आई घरगुती. सोफे फाटले आणि साहेबाची हौस फिटली. "उन्हाळ्यापुरतं सांभाळ," म्हणून पिल्लू काकांकडे पाठवलं आणि साहेब सुटीवर गेला. परत आल्यावर त्याने विषयच काढला नाही. आणि मुदीरला आठवण करून देणारे काका कुठले! 'नाही' हा शब्द त्यांना फक्त घरच्यांपुढे म्हणता यायचा.

नाव ठेवलं ठकी. आणि तिला खायला घातलं काय, तर दूधभात! वर साजूक तूप. काकांच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा कधी आलेलं नव्हतं. काही महिन्यांतच ठकीचे पाय वाकायला लागले. जनावरांचा डॉक्टर इजिप्शियन, तो काकांवर असा ओरडला म्हणता! हाडासकट कच्चं मांस दिलं नाही तर ती मरेल, म्हणाला. काका तसेच माझ्या दारात. चेहरा पांढराफटक.

"तुम्ही कोकणातल्या. कोंबडी कशी तोडतात, जरा दाखवाल का?"

दाखवली. हसू दाबून दाबून दाखवली. त्या दिवसापासून काका जुना पंचा नेसून बाल्कनीत बसायचे, डोळे अर्धे मिटून कोंबडी तोडायचे आणि मग डोक्यावरून आंघोळ करायचे. त्यानंतर जमिनीवर दोन ताटं मांडली जायची. एक काकांचं, वरणभाताचं. दुसरं ठकीचं. काका चित्राहुती घालायचे, आपल्या ताटाभोवती पाणी फिरवायचे आणि मग तसंच तिच्या ताटाभोवती. तोवर ठकी शेपटी पायांभोवती गुंडाळून बसलेली. पाणी फिरल्याशिवाय मांसाला तोंड म्हणून लावायची नाही.

"बघितलंत? वळण आहे तिला," काका म्हणायचे. मलाही तेव्हा केवढं कौतुक वाटायचं.

बाकी वळणाच्या नावाने शून्य. फ्रिजवरून थेट पडद्यावर उडी. दारांच्या मुठी दाबून बाहेर पडायची. घरभर मुतायची, देव्हाऱ्यावरसुद्धा. काकांनी देव आधी वरच्या फळीवर हलवले, मग कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्यांचे हात कोपरापर्यंत ओरबाडलेले असायचे.

"अहो काका, देव कुलपात आणि ही मोकळी?"

"देव समजून घेतात हो. हिला कोण समजून घेणार?"

काकू फोनवर विचारायच्या, मागे कसला आवाज येतोय? काकांचं ठरलेलं उत्तर, "मांजरच आहे गं!"

मग काकांची नोकरी संपली. अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द व्हायची वेळ आली. ठकीला न्यायचं कसं? विमानवाले म्हणाले, हे जंगली जनावर, नेता येणार नाही. प्राणिसंग्रहालयात विचारलं, तर ते म्हणाले, ही माणसाळलेली, आमच्या जनावरांत टिकणार नाही. मुदीर फोन उचलेना. घर रिकामं करा म्हणून इमारतीचा रखवालदार रोज दार वाजवायला लागला. हौसेपायी त्या मुक्या जिवाला जन्माला घातलं आणि आता तिला ना रान, ना घर. असा संताप व्हायचा माझा! अजूनही होतो.

शेवटी शहरापासून लांब, वफ्र्याच्या एका मळ्यावर पिंजऱ्याची सोय झाली. तिथला बिहारी कामगार भला माणूस होता. काकांनी त्याला समोर बसवून शिकवलं, "पहले पानी ऐसे घुमाना. फिर बोलना, खा ले." त्याने मान डोलावली. ठकी जाळीला पंजे लावून उभी होती. गाडीत बसेपर्यंत काकांनी मागे वळून पाहिलं नाही. विमानतळावर मला एवढंच म्हणाले, "जेवली का, तेवढं कळवा."

नाही जेवली. त्या बिचाऱ्याने पाणी फिरवलं. मग मी गेले, मी फिरवलं. मांस ताजं, हाडासकट. ठकी शेपटी गुंडाळून बसून राहिली, माझ्या पलीकडे फाटकाकडे बघत. मी चिडले, रडले, "खा गं बाई," म्हणून हात जोडले. काही उपयोग नाही. शेवटी नाशिकला फोन लावला आणि जाळीजवळ धरला. "ठके, खा गं," काका म्हणाले. ती ताडकन उठली. सगळ्या पिंजऱ्यात फिरली, मडक्यामागे बघितलं, छपराखाली बघितलं. मग परत कोपऱ्यात जाऊन बसली. फोन उगीच लावला असं झालं मला.

आठवडाभरात कामगाराचा फोन आला. "दीदी, वो गई."

काकांना मी खरं तेच सांगितलं. पलीकडून "बरं" एवढंच ऐकू आलं आणि फोन ठेवल्याचा आवाज.

त्यानंतर काकांचा फोन कधी आला नाही. आला तो काकूंचा. आवाज रडवेला.

"अगं, यांना काय झालंय तुला काही माहीत आहे का? जेवायला बसतात. ताटाभोवती पाणी फिरवतात. मग शेजारी नुसत्या फरशीवर पाण्याचा तेवढाच एक गोल काढतात आणि बसून राहतात. भात गार होतो, तसेच उठतात. निम्मे झालेत गं. काल मी शेवटी म्हटलंच, अहो, एवढं काय? मांजरच होती ना ती?"