कानाने निवडलेलं पोतं

आत्या कुत्र्याचं खाणं चोरून खाते, ही बातमी आमच्या इमारतीत दुपारी दोनला पहिल्या मजल्यावर जन्मली आणि चहाच्या वेळेपर्यंत चौथ्या मजल्यावर चांगली धष्टपुष्ट होऊन बसली. समोरच्या शिलाईवाल्या काकूंनी आपल्या खिडकीतून आमच्या स्वयंपाकघरात पाहिलं होतं: टेबलावर पाच वाट्या, वाट्यांत कुत्र्याच्या खाण्याचे दाणे, आणि आत्या डोळे मिटून एकेक दाणा तोंडात टाकते आहे. दुसऱ्या मजल्यावर त्यात दूध आलं. तिसऱ्यावर साखर. चौथ्यावर पोचेपर्यंत आम्ही आत्याला जेवायलाच घालत नव्हतो. संध्याकाळी काकू झाकलेलं ताट घेऊन दारात उभ्या. "काही नाही गं, जरा जास्तीचं झालं होतं," म्हणाल्या आणि आत्याच्या दंडाकडे टेप लावल्यासारखं बघत राहिल्या.

तर आत्याने खाल्लं नव्हतं. चावलं होतं आणि थुंकलं होतं. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे असं ती म्हणते, आणि तिला तो अधिकार आहे. बावीस वर्षं ती बिस्किटांच्या कारखान्यात तपासणीला होती. भट्टीतून पट्ट्यावर येणाऱ्या बिस्किटांतलं अधूनमधून एक उचलायचं, कानाशी नेऊन मोडायचं, आवाज ऐकायचा, तुकडा चावून बादलीत थुंकायचा आणि निकाल द्यायचा. "चांगलं" किंवा "बाद". तिसरा शब्द त्या नोकरीत लागत नाही, त्यामुळे तो तिच्या घरच्या बोलण्यातही फारसा येत नाही. पाहुणे गेले की दार लावता लावता निकाल लागतो. काकूंच्या ताटाचाही लागला. चांगलं.

कारखान्यातून निवृत्त होताना आत्याला दोन गोष्टी मिळाल्या, एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक मॅनेजर. मॅनेजर हा फाटकावरचा कुत्रा. दिवसभर आडवा पडून दुसऱ्यांचं काम बघायचा, म्हणून हे नाव. घड्याळ महिन्याभरात बंद पडलं. मॅनेजरची भूक चालूच राहिली. आत्या आपल्या भावाकडे, म्हणजे आमच्याकडे राहायला आली ती एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात मॅनेजरची दोरी घेऊनच.

मॅनेजर तुटक्या बिस्किटांवर वाढलेला. त्याची खाज थांबेना, पोट जमिनीला टेकायला आलं, तेव्हा आत्या आणि बाबा त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. या बाई रोग्याबद्दल 'आपण'शिवाय बोलत नाहीत. दोरी बाबांच्या हातात होती.

"आपलं वजन किती वाढलंय," बाई म्हणाल्या. "आपण गोड खातो का?"

बाबांनी पोट आत घेतलं. "चहाबरोबर फक्त. दोनच."

"बिस्किटं आता अजिबात बंद. आपण कोरडे दाणे खायचे. सकाळी एक माप, संध्याकाळी एक."

बाबा बाहेर येईपर्यंत श्वास सोडायला विसरले होते.

बाईंच्या कपाटातलं पोतं घरी आलं. मॅनेजरची खाज थांबली, अंग चकाकायला लागलं, आणि बाबांनी पोत्यावरची किंमत वाचली. बाबा कधी कुणाच्या विरोधात नसतात. ते फक्त एवढंच म्हणत असतात.

"मी काही विरोधात नाही," ते म्हणाले. "मी फक्त एवढंच म्हणतोय, की हा गृहस्थ माझ्यापेक्षा महागाचं जेवतो. हे पोतं संपेपर्यंत घराला झेपेल असं काहीतरी शोध. नाहीतर माझ्या मित्राची लाकडाची वखार आहे, तिथे राखणीला राहील. मोकळी जागा आहे."

मॅनेजरने 'मोकळी जागा' हे शब्द ऐकून आत्याच्या पावलावर हनुवटी ठेवली. आत्याने पोत्यात हात घालून बघितला. कोपरापर्यंत गेला तेव्हा तळ लागला. फार तर दहा-बारा दिवसांचं होतं.

दुसऱ्याच दिवशी ती चौकातल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानातून पाच प्रकारचे नमुने मूठ-मूठ घेऊन आली. काकूंना दिसल्या त्या याच पाच वाट्या. बिस्किटांना लावायची तीच कसोटी तिने दाण्यांना लावली: रंग एकसारखा आहे का, आकार भरला आहे का, मोडताना आवाज कसा येतो, भुगा किती पडतो. पहिला नंबर आला तो सगळ्यांत स्वस्त माल. तीन रंगांच्या चांदण्या, काटकन मोडणाऱ्या, एकही कोपरा उडालेला नाही. आत्या हरखून गेली. "चांगलं," ती म्हणाली, आणि नंतर पुन्हा एकदा, "चांगलं." एकाच मालाला दोनदा चांगलं म्हणण्याची बावीस वर्षांतली ही पहिली वेळ असावी.

मॅनेजरनेही तोंड वाकडं केलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे आधीच्या दाण्यांत थोड्या थोड्या चांदण्या मिसळून आत्याने दिल्या. मॅनेजरने वाटी चाटली, वाटी ढकलली, वाटी उलटी केली आणि वाटीखाली आणखी काही आहे का ते पाहिलं. पाचव्या दिवशी तो भुकेने बाबांची चप्पल घेऊन बसला. शिवाय फिरायला नेलं की एका फेरीत तीन-तीनदा बैठक. आत्याची साफसफाईची पिशवी पुरेना.

"एवढं जातंय कुठे, म्हणायचीसुद्धा सोय नाही," आत्या म्हणाली. "जातंय कुठे ते दिसतंच आहे."

मी चांदण्यांच्या पोत्याची मागची बाजू वाचून दाखवली. सगळ्यांत आधी मका. मग मक्याचंच काहीतरी. मांसाचा नंबर एवढ्या खाली की तिथपर्यंत अक्षरही बारीक होत गेलेलं. आणि मॅनेजरच्या वजनाच्या कुत्र्याला रोज चार मापं. म्हणजे पोतं निम्म्या किमतीचं आणि निम्म्याच दिवसांत रिकामं.

"तू हे आधी वाचलं नाहीस?"

"मागची बाजू आमच्या खात्याची नव्हती," आत्या म्हणाली, आणि खुर्चीत बसली. मॅनेजर येऊन तिच्या पावलावर हनुवटी ठेवून पडला. त्या दिवशी तिने कशालाच चांगलं किंवा बाद म्हटलं नाही. घरात फार चुकल्यासारखं वाटलं.

पाच वाट्यांत एक चांगला माल होता. मांस पहिल्या नंबरावर, रोज दोनच मापं, पण पूर्ण किमतीत तोही बाबांच्या मर्यादेच्या बाहेर. त्याचा नमुना आत्याने बोटाने चाळवला. दोन दाणे मोडलेले होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग चप्पल शोधायला लागली. एकच सापडली, दुसरी मॅनेजरकडे होती.

"कारखान्याच्या फाटकावर आम्ही मोडका माल किलोवर विकायचो," ती जिना उतरता उतरता मला म्हणाली. "बिस्किट तेच. फक्त दिसायला बाद."

दुकानदाराचं प्रत्येक वाक्य 'कसं आहे'पासून सुरू होतं आणि ते कसं आहे हे कधीच कळत नाही.

"तुटका माल आहे का?" आत्याने विचारलं.

"कसं आहे ना ताई, आपल्याकडे तुटकं काही नसतं."

"उतरवताना पोतं फाटतच नाही तुमच्याकडे?"

"कसं आहे ना…" दुकानदार म्हणाला आणि त्याने मागचं दार उघडलं. मागच्या खोलीत चार फाटकी पोती होती. चारही त्याच चांगल्या मालाची, तारखा अजून लांबच्या, हमालाच्या आकड्याने भोकं पडलेली. ती जवळजवळ चांदण्यांच्या भावात द्यायला तो एका पायावर तयार झाला.

बाबांना बोलावलं. ते मॅनेजरला घेऊनच आले. बाबा विरोधात नव्हते. ते फक्त एवढंच म्हणत होते, की फाटक्या पोत्यात हवा जाते, दमट होतं, बुरशी धरते, आणि उद्या मॅनेजरचं पोट बिघडलं तर डॉक्टरीणबाईंचं बिल वेगळं.

"दमट झालेलं मला ऐकू येतं," आत्या म्हणाली.

"ठीक आहे. तोंड फिरवून ओळख. एक जरी चुकलं तरी वखार."

आत्या पट्ट्या-साखळ्यांच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दुकानदाराने मध्ये नवं पोतंही उघडलं, म्हणजे पाच झाली. मनाला येईल त्या क्रमाने एकेक दाणा काढून तो तिच्या कानामागे मोडायला लागला.

"चांगलं." ते नवं होतं.

"चांगलं."

"बाद." बाबांनी तो दाणा नखाने दाबला. नख आत गेलं.

"चांगलं."

पाचव्याला आत्या थांबली. बाबांचा चेहरा उजळला, मग मॅनेजरकडे नजर गेली आणि थोडा विझला. मॅनेजर दाराशी बसून इतरांचं काम बघत होता.

"परत मोडा," आत्या म्हणाली. परत मोडला. "हा पोत्याच्या कुठल्या बाजूचा?"

"कसं आहे ना ताई, फाटलेल्या कोपऱ्यातला."

"मग तळातला काढा."

तळातला मोडला. टक्.

"चांगलं. त्या कोपऱ्यातल्या चार-पाच ओंजळी टाकून द्या, बाकी पोतं उत्तम आहे. पण भाव निम्मा लावा."

बाबांनी दोन्ही दाणे नखाने दाबून पाहिले. एकात नख गेलं, दुसऱ्यात मोडायची वेळ आली, नखाची. मग त्यांनी काही न म्हणता, फक्त एवढंही न म्हणता, एक पोतं उचलून खांद्यावर घेतलं.

इथे मला राहवलं नाही. सगळ्या इमारतीचे आवाज मला काढता येतात. कुकरच्या शिट्टीने मी आईला दोनदा अंघोळीतून बाहेर काढलं आहे. "आत्या, अजून एक ओळख," मी म्हटलं. "चुकलीस तर महिनाभर माझी भांडी तू घासायचीस. ओळखलंस तर मॅनेजरमागची पिशवी महिनाभर माझी."

"कबूल," आत्या भिंतीकडे बघत म्हणाली.

मी तिच्या कानामागे जाऊन, टाळूला जीभ लावून, अगदी कोरडा, खणखणीत टक् काढला. दुकानदार फसला, त्याने दाणा कुठे पडला म्हणून खाली पाहिलं.

"बाद," आत्या म्हणाली. "याला थुंकी लागली आहे. आणि सकाळी दात घासलेले नाहीत."

तेव्हापासून रोज सकाळी सहाला मॅनेजरच्या मागे पिशवी घेऊन मी असते. खाणं चांगलं निवडलंय हे मात्र कबूल करायला हवं. एका फेरीत एकच बैठक, आणि पिशवी लहानातली लहान पुरते.